मोहोळपत्तुर

माणसाला एखादं व्यसन असावं, पण ते घरात मावणारं असावं. तंबाखू चंचीत मावते, पत्ते खिशात मावतात. आमच्या शेजारच्या शिवपुत्राचं व्यसन सोलापूरच्या अख्ख्या नव्या पेठेत मावत नव्हतं. ते त्याच्या इरकल साड्यांच्या दुकानापुढे उभं राहिलं की टांगेवाले शिव्या घालायचे, रिक्षावाले भोंगे वाजवायचे आणि माझ्या भांड्यांच्या दुकानात येणाऱ्या बायकांना वळसा घालून यावं लागायचं. मी रोज त्याच्याशी भांडायचो. तो रोज हसून म्हणायचा, "अण्णा, रागावताय कशाला? बसा की एकदा, चक्कर मारून आणतो."

ती एक विलायती मोटार होती. लाल, बिनटपाची, लांब नाकाची आणि दोनच माणसं बसतील एवढी. इंग्रज असताना गिरणीतल्या कुणा गोऱ्या साहेबाने ती हौसेने मागवली होती. साहेब गेला, गाडी राहिली, आणि हात बदलत बदलत मोहोळ रस्त्यावरच्या एका मळ्यात गोठ्यामध्ये कडब्याखाली जाऊन पडली. शिवपुत्र तिथे हुरडा खायला गेला होता. हुरडा राहिला बाजूला आणि हा कडबा उपसत बसला. घरी आला तो गाडी बैलांच्या मागे बांधूनच. पेठेत हसू झालं, पण त्याच्या तोंडावर असा आनंद होता की पुढे हसणाऱ्यांनाच ओशाळल्यासारखं वाटलं.

त्या गाडीला माणसासारख्या खोडी होत्या. हँडल मारून मारून शिवपुत्राच्या दंडाला गोळे आले. पेट्रोल चढेनासं झालं की मागे एका ठरावीक जागी लाकडी थापीने ठोकावं लागे. जोरात ठोकलं तर ती रुसायची, हळू ठोकलं तर तिला ऐकूच जायचं नाही. जिथे उभी राहील तिथे तेलाचं थारोळं. भरधाव सोडली की सुतासारखी सरळ, पण हळू चालवली की तापायची आणि जागच्या जागी बंद पडायची. आणि सगळ्यात मोठी खोड डाव्या दाराची. गाडी उजवीकडे वळली की ते आपोआप उघडायचं. म्हणून शेजारी बसलेल्या माणसाला शिवपुत्र छातीवरून उपरणं घेऊन सीटला बांधून टाकायचा. बँकेच्या मॅनेजरसाहेबांना असं बांधून नेताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

सीटचा थाट मात्र विचारू नका. सायीच्या रंगाचं कातडं त्याने कुठून कुठून मिळवून चढवून घेतलं होतं, आणि त्यावर कुणी बसायचं हे तोच ठरवायचा. मॅनेजर, डॉक्टर, गिरणीतले साहेब, बाहेरगावचे बडे व्यापारी. पान खाणाऱ्याला मनाई. तेलकट कपड्यांना तर दुरूनच नमस्कार. रविवारी ती जागा त्याच्या बायकोची, कमलम्माची.

खोटं कशाला बोलू, एका रविवारी कमलम्माला बरं नव्हतं तेव्हा मीही बसलो. आम्ही होटगीला गेलो, शिवपुत्राच्या सासऱ्यांकडे. सीट इतकी खाली की रस्ता मांडीला लागून पळतोय असं वाटत होतं. दोन्ही बाजूंना ज्वारी, तोंडावर वारं, पुढे ते लाल नाक. मी पन्नाशीचा माणूस, घरी चार नातवंडं, आणि तिथे चक्क ओरडलो. शिवपुत्र माझ्याकडे बघून हसला आणि त्याने आणखी वेग घेतला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी भांडायचं थोडं कमी केलं.

त्याचे सासरे, तिप्पण्णा मामा, होटगी जंक्शनवर सांधेवाले होते. येणारी गाडी गुलबर्ग्याकडे सोडायची की विजापूरकडे, ते खटके ओढण्याचं काम. उंच, सडसडीत माणूस, पांढऱ्या मिशा, कपाळावर भस्माचे तीन ठळक पट्टे, अंगात रेल्वेचे निळे कपडे आणि त्या कपड्यांवर सांध्यांचं काळं तेल. गाडीचा आवाज ऐकून ते क्वार्टरमधून बाहेर आले. आधी गाडीला पाणी आणलं, मग आम्हाला. आम्ही भाकरी आणि शेंगाचटणीवर ताव मारत होतो तेव्हा ते ओल्या फडक्याने गाडीची धूळ पुसत होते. चाकांच्या तारासुद्धा सुट्या सुट्या पुसल्या.

मी सहज विचारलं, "मामा, तुम्ही बसलात का नाही कधी हिच्यात?"

उत्तर शिवपुत्रानेच दिलं. "मामांना भीती वाटते. वेगाची सवय नाही त्यांना."

मामा नुसते हसले आणि पुसत राहिले. सगळी हयात रेल्वेत काढलेल्या माणसाला वेगाची सवय नाही, हे मला खटकायला पाहिजे होतं. पण माझं लक्ष शेंगाचटणीकडे होतं.

आता मिरवणुकीची गोष्ट. त्यातला पहिला भाग मला नंतर कळला, कारण मी भाचीच्या लग्नाला विजापूरला गेलो होतो आणि त्याच दुपारी परत आलो होतो. पण तुम्हाला आधीच सांगतो, नाहीतर तुम्हीही आमच्यासारखेच फसाल.

एप्रिलअखेर मामा रिटायर झाले. कमलम्माच्या मनात फार होतं की अप्पांची मिरवणूक काढावी. ती म्हणाली, "जलमभर अप्पा फाटकात उभं राहून दुसऱ्यांना जाताना बघत आले. एकदा तरी लोकांनी त्यांना बघावं की." मामांनी बाळीवेशीत एक लहान घर घेऊन ठेवलं होतं. ठरलं असं की होटगीची मंडळी हारतुरे घालून त्यांना रेल्वेने सोलापूरला आणतील, आणि स्टेशनपासून नव्या पेठेतून बाळीवेशीपर्यंत बँड लावून त्यांना घरी न्यायचं. कमलम्मा घरी आरती घेऊन थांबणार. ओळखीच्या एकाने आपली ॲम्बेसिडर देऊ केली होती. शिवपुत्र म्हणाला, "घरात गाडी असताना दुसऱ्याची कशाला?" आणि तो झेंडूच्या माळा आणायला गेला. मिरवणूक मामांची होती की गाडीची, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

स्टेशनवर मामा उतरले ते गुलालात न्हाऊनच. होटगीच्या मंडळींनी प्रेमाने इतका उधळला होता की तो डोळ्यांत गेला होता आणि डोळे उघडवत नव्हते. शिवपुत्राला धसका सीटचा. त्या कातड्यावरचा गुलाल निघाला नसता. त्याने घरून पांढरीशुभ्र चादर आणलीच होती. ती सीटवर पाठीपासून खालपर्यंत अंथरली आणि मग मामांना बसवलं. मामांना पाय लांब करून बसायची सवय नाही, त्यांनी वर मांडी घातली. दाराची खोड म्हणून शिवपुत्राने छातीवरून उपरणं घेऊन त्यांना मागे बांधलं. गळ्यात हार, मांडीत नारळ, कपाळाला भस्म, डोळे मिटलेले. वर त्याने बजावलं, "मामा, अजिबात हलू नका. त्या दाराचा भरवसा नाही." मामा रेल्वेतले. सूचना मिळाली की पाळायची. ते हलले नाहीत.

इथवरही निभावलं असतं. पण मिरवणुकीत गाडी चालणार पावला-पावलाने, वर एप्रिलचं ऊन. नव्या पेठेच्या तोंडाशी येता येता ती तापली, फुसफुसली आणि बंद पडली. शिवपुत्राने थापी मारून बघितली, हँडल मारून बघितलं. शेवटी तो खाली उतरला, एक हात स्टिअरिंगवर ठेवून खांद्याने गाडी ढकलू लागला आणि होटगीची चार माणसं मागून लागली. भर पेठेत आपली गाडी ढकलावी लागतेय, या लाजेने त्याने मान खाली घातली ती घातलीच. बँडवाले मघापासून लग्नातली उडती गाणी वाजवत होते. ढकललेल्या गाडीच्या चालीला ती जमेनात, म्हणून बँडमास्तरने धीमं भजन धरलं.

आम्हा लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, भस्माचे पट्टे ओढतात, हार घालतात, मान-पाठ कलू नये म्हणून मागे बांधतात, आणि फुलांनी मढवलेल्या विमानातून वाजतगाजत नेतात. विमान म्हणजे सजवलेली डोलीच. सोलापुरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आता तुम्हीच सांगा, मी दुकानाच्या पायरीवर उभा, प्रवासाने शिणलेला, आणि समोरून हे येतंय. माझी काय चूक?

सगळ्यात आधी मी शटर ओढलं. माझं बघून समोरच्या सराफाने ओढलं, मग ओळीने सगळ्यांनी. टोप्या उतरल्या. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. कोपऱ्यावरच्या निंगव्वा फुलवालीने मी काही न मागता माझ्या हातात हार ठेवला. मी पुढे होऊन तो मामांच्या मांडीवर वाहिला आणि पायांना हात लावला. पाय गरम लागले. म्हटलं, उन्हाचे. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी मनात म्हणालो, पुण्यवान माणूस, बसल्या जागी गेला असणार.

आणि खांदा देणं पुण्याचं. जो तो पुढे होऊन दोन पावलं गाडी ढकलायचा, नमस्कार करायचा, बाजूला व्हायचा. शिवपुत्र मान वर न करता प्रत्येकाला "उपकार झाले, उपकार झाले" म्हणत होता. त्याला वाटत होतं, लोकांना गाडीची किती माया! मीही चार पावलं ढकलली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "धीर धर." तो म्हणाला, "थंड झाली की सुरू होतीय, अण्णा." मला वाटलं, दुःखाने त्याचं डोकं ठिकाणावर नाही.

एवढ्यात समोरून काशम्मा आल्या. मामांची थोरली बहीण, अक्कलकोटहून भावाच्या कौतुकासाठी निघालेल्या, एसटी उशिरा पोचली म्हणून स्टँडवरून बाळीवेशीकडे भराभर चालत चाललेल्या. हातात पिशवी, पिशवीत भावाला नवं धोतर. त्यांनी गाडी बघितली. शटरं बघितली. पिशवी तिथेच पडली.

"अय्यय्यो, तम्मा! माज्या तम्मा!"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्या त्यांना नावाने कधी हाक मारत नसत. त्या धावत येऊन गाडीच्या लाल नाकावर पडल्या आणि हेल काढून रडू लागल्या. बँड थांबला. आमच्याकडे बायका मयतावर रडतात ते नुसतं रडणं नसतं. गेलेल्याचं सगळं आयुष्य त्या त्यात सांगतात, आणि राहिलेल्यांविषयीची गाऱ्हाणीही. त्या वेळी त्यांना कुणी अडवत नाही.

"जलमभर दुसऱ्यांच्या गाड्यांना वाट करून दिलीस रं तम्मा, तुला कुणी गाडीत घेतलं न्हाय! दर खेपंला मला म्हणायचास, अक्का, जावयाची लाल गाडी लई झ्याक हाय, एकदा बसायचं हाय मला, मोहोळपत्तुर जायाचं हाय, वारं खायाचं हाय! जावई यायचा रं ऐतवारी, भाकरी खाऊन जायाचा! तू चाकं पुसायचास, पाणी भरायचास, आन गाडी गेली की फाटकात उबा ऱ्हाऊन धुरळा बघायचास! कापडं तेलकट म्हणून तुला बसीवलं न्हाय रं, तम्मा! जित्तेपणी जागा न्हवती, आता मेल्यावर पांढरी चादर टाकून बसीवलं!"

तेव्हा शिवपुत्राने मान वर केली. त्याने बंद शटरं बघितली, उतरलेल्या टोप्या बघितल्या, माझ्या डोळ्यांतलं पाणी बघितलं. मग शेजारी चादरीवर बांधून बसवलेल्या मामांकडे बघितलं. त्याला सगळं एकदम कळलं. माणसाचा चेहरा पांढरा पडतो म्हणतात, त्याचा काळा पडला.

मामांनी प्रयत्नाने डोळे उघडले. लालबुंद, पाणी गळणारे. "अक्का," ते म्हणाले, "मी हाय की गं हितंच. रडतीस कशाला?"

काशम्मांनी भावाच्या गालावर एक चापट मारली, आणि लगेच तोच गाल दोन्ही हातांत धरला. कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. आणखी दोघे हसले. पण हसू वाढलं नाही. काशम्मांचं रडणं खोट्या मयतावरचं असलं तरी शब्द खरे होते, आणि ते सगळ्या पेठेने ऐकले होते. आता सगळे मामांकडे बघत नव्हते, शिवपुत्राकडे बघत होते. त्याची गिऱ्हाइकं होती त्यात, मॅनेजरसाहेब होते, भाऊबंद होते. त्याचा हात अजून स्टिअरिंगवर होता. तो काढून कुठे ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं. आणि माझ्या मनात त्या रविवारची शेंगाचटणी आली. त्या जागेवर मी बसून गेलो होतो. मला वाटलं, शटर उघडून आत जाऊन बसावं आणि आतून पुन्हा ओढून घ्यावं.

मामांनी एकदा जावयाकडे बघितलं. मग बहिणीला म्हणाले, पण असं म्हणाले की शेवटच्या माणसाला ऐकू जावं.

"काय बी बोलतीस अक्का तू. कवाच्या काळातलं बोलायलीस. जावईबापूंनी लई येळा फिरवलंय मला. गेल्या थंडीत मोहोळपत्तुर गेलतो की आमी."

"कवा?" काशम्मांनी डोळे पुसत विचारलं. "मला कसं बोलला न्हाईस?"

"ऱ्हाऊन गेलं सांगायचं. सक्काळी निघालो. बाळे गावाच्या पुढं रस्ता मोकळा झाला की जावईबापूंनी सोडली बघ गाडी. वारं असं, की टोपी हातानं धराया लागतीय, न्हायतर गेलीच उडून. लांबोटीच्या पुलावर गाडीचा आवाज खाली पाण्यात जातोय आन परत वर येतोय, दोन गाड्या चालल्यावानी. मोहोळच्या स्टँडवर भजी खाल्ली. मी नको म्हणत हुतो, ह्येंनी आग्रेव केला. आन येताना माझ्याकडं बघून इच्यारलं, मामा, भ्या वाटतंय का? मी म्हणलो, न्हाय."

ते थांबले. पेठ अजून ऐकत होती. मग ते वळून म्हणाले, "व्हय की न्हाय, जावईबापू?"

ती सगळी थंडी मी शिवपुत्राच्या शेजारच्या दुकानात काढली होती. मामा कधी त्या गाडीत बसले नव्हते, हे मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं आणि मामांना. न केलेल्या प्रवासातली भजीसुद्धा ठरलेली होती. इतके बारकावे माणूस एका दमात रचत नाही. ते फाटकात उभं राहून, धुरळा खाली बसेपर्यंत, पुन्हा पुन्हा जाऊन आलेले असणार.

"व्हय," शिवपुत्र म्हणाला. एवढा एकच शब्द, आणि तो काढताना त्याने जे तोंड केलं ते मला अजून बघवत नाही.

लोकांना बरं वाटलं. टोप्या डोक्यावर चढल्या, शटरं वर गेली, थट्टा सुरू झाली. "शंभर वर्षं जगणार आता म्हातारा!" निंगव्वाने आणखी एक हार टाकला. मिरवणूक पुढे गेली, गाडी ढकलतच. आता ढकलायला मात्र फारसं कुणी आलं नाही, कारण त्यात पुण्य उरलं नव्हतं. मी बाळीवेशीपर्यंत ढकलत गेलो.

घरी कमलम्माने आरती ओवाळली. ही हकिगत तिच्या कानावर माणसांच्या आधी पोचली होती. तिने बापाला उतरवून घेतलं, सीटवरची चादर ओढून काढली, आणि नवऱ्यासमोरच तिचा बोळा करून न्हाणीत फेकला. ती त्याला एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं तो मला नंतर म्हणाला. त्या सीटवर दर रविवारी तीही बसत होती, म्हणून तिलाही बोलता आलं नसेल.

दुसऱ्या दिवशी शिवपुत्राने दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या पायरीवर येऊन बसला. "अण्णा, मी लोकांना सांगत होतो, मामांना भ्या वाटतंय म्हणून. मी त्यांना कधी विचारलंच न्हाई." मी त्याची समजूत घालायला पाहिजे होती. पण मला त्याचा राग आला होता, आणि माझाही. मी म्हटलं, "मग आता विचार की." आणि भांडी पुसायला घेतली.

रविवारी तो गाडी घेऊन बाळीवेशीला गेला. जाण्याआधी त्याने लोहाराकडून डाव्या दाराला एक साधी कडी बसवून घेतली होती. घटकाभराचं काम. वर्षानुवर्षं बड्या लोकांना बांधून नेणाऱ्या माणसाला ती आजवर सुचली नव्हती. पुढचं सगळं मला त्यानेच सांगितलं, तुकड्या-तुकड्याने, माझ्याकडे न बघता.

मामा ओसरीवर बसले होते आणि शेजारी काशम्मा लसूण सोलत होत्या. शिवपुत्र मनात ठरवून आला होता की मामांचे पाय धरायचे, चुकलो म्हणायचं आणि मग गाडीत बसवायचं. पण काशम्मा समोर होत्या. पाय धरले असते तर मामा पेठेत खोटं बोलले हे त्यांना कळलं असतं. मामांनी त्याच्यासाठी जे केलं होतं ते त्याला माफी मागूनसुद्धा मोडता येत नव्हतं. त्याने मान खाली घालून म्हटलं, "मामा, मोहोळला जाऊन येऊ. परत एकदा."

मामा उठले. धुतलेलं धोतर, धुतलेला सदरा, नवी टोपी. सीटपाशी आल्यावर त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्या सायीच्या कातड्यावर नीट अंथरला. शिवपुत्र म्हणाला, "मामा, राहू द्या टॉवेल." मामा म्हणाले, "असू दे की, खराब व्हाया नको." आणि ते टॉवेलवर बसले. आम्ही कुणी कधी अंथरला नव्हता.

त्या दिवशी गाडीने एकही खोड काढली नाही. हँडलच्या पहिल्या झटक्याला सुरू झाली. बाळ्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला तशी शिवपुत्राने ती सोडली. मामांनी लगेच टोपीवर हात ठेवला. खरं म्हणजे टोपी उडत नव्हती, पुढच्या काचेमुळे वारं डोक्यावरून जात होतं. तरी त्यांनी मोहोळपर्यंत टोपी हाताने धरून ठेवली. लांबोटीच्या पुलावर त्यांनी कान बाहेर काढला. नदी कोरडी, सगळी वाळू, आवाज खाली गेला तो काही परत वर आला नाही. मामा म्हणाले, "ऐकलं का?" शिवपुत्र म्हणाला, "ऐकलं, मामा." मोहोळच्या स्टँडवर मामा नको म्हणाले आणि शिवपुत्राने आग्रह केला, आणि दोघांनी भजी खाल्ली. ती शिळी होती.

परतीच्या वाटेवर एकच गोष्ट राहिली होती. ती शिवपुत्राने विचारायची होती. मामांनी त्या दिवशी अख्ख्या पेठेला सांगितलं होतं, येताना जावईबापूंनी माझ्याकडं बघून विचारलं, भ्या वाटतंय का, म्हणून. लांबोटी मागे पडली, पाकणी मागे पडली. शब्द त्याच्या तोंडाशी येत होते आणि तिथेच अडत होते. त्याला मामांकडे बघताच येत नव्हतं. तो नुसता रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिला. शेजारी मामा टोपी धरून, मान थोडी त्याच्याकडे कलवून बसून होते.

बाळ्याची घरं दिसायला लागली. पुढे शहराची गर्दी, टांगे, रिक्षा. मामांनी आणखी थोडी वाट बघितली. मग मान सरळ करून, समोर बघत, आपणच म्हणाले, "न्हाय, जावईबापू. न्हाय वाटत."